जुनी पिकअप : पाहून घेतली तर फायद्याची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मंडळात आजवर मी तोंड उघडले ते भिशीच्या हिशेबापुरते. चिटणीसबाई म्हणाल्या, "या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचेच." मी म्हटले, "बरे, लोणच्यावर बोलते." तर त्या म्हणाल्या, "लोणचे आम्हां सगळ्यांना येते. तुमच्या घरी पिकअप आहे, तिच्यावर बोला. सध्या तीन-चार घरांत तोच विचार चालला आहे." म्हणून मी आज उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या मोहन्यात, अटाळीत, आंबिवलीत मुलगा हाताशी आला किंवा घरच्या माणसाची नोकरी सुटली की पहिला विचार येतो तो मालाच्या गाडीचा. त्यात वावगे काही नाही. कल्याणच्या बाजार समितीची भाजी आहे, उल्हासनगरचे फर्निचर आहे, भिवंडीची गोदामे आहेत. लग्नसराईत मंडपाचे सामान, भाद्रपदात गणपतीच्या मूर्ती, आणि बारा महिने कोणाचे तरी बिऱ्हाड इकडून तिकडे जातच असते. २००५ साली टाटांची एस ही लहान मालगाडी आली. तिला लोकांनी छोटा हत्ती हे नाव दिले आणि गल्लीबोळांतून माल नेणे सोपे झाले. त्याहून जास्त ओझे नेणारी ती पिकअप. गाडी असली आणि अंगात कष्ट असले की काम मिळते.

प्रश्न पुढे आहे. गाडी नवी घ्यावी की वापरलेली? ही चर्चा निघाली की पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत बसतात आणि आपण चहा ठेवायला आत जातो. पण पैसे कमी पडले की पाटल्या आपल्याच हातातल्या उतरतात, आणि कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सहीही आपलीच लागते. म्हणून मला वाटते, चहा झाल्यावर आपणही बाहेर येऊन बसावे.

माझे माहेर मुरबाडच्या बाजूचे. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथला बैलबाजार तुम्हांला ठाऊकच आहे. माझे वडील तिथे बैल घ्यायला जात. ते कधी कोवळे खोंड घेत नसत. म्हणत, "खोंडाला नांगर शिकवीपर्यंत आपला पाऊस निघून जाईल. कामाला लागलेला बैल घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून." मग ते दात पाहत, खूर पाहत, मानेवर जुवाचा घट्टा पाहत, चार पावले चालवून पाहत. आणि सगळ्यांत शेवटी रुमालाखाली हात घालून भावाची बोटे मोजत. भाव शेवटी, पाहणे आधी. आम्ही गाडी घेतली तेव्हा मला वडिलांची ही रीत उपयोगी पडली. आज मी जे सांगणार आहे ते सगळे या रीतीतलेच आहे.

सन २०१९ च्या दसऱ्याला आमच्याकडे गाडी घ्यायचे ठरले. आमचे हे तोवर दुसऱ्याची गाडी रोजावर चालवत होते. त्याच दसऱ्याला माझ्या धाकट्या भावानेही गाडी घेतली. त्याने नवी घेतली, आम्ही जुनी. त्याची गोष्ट मी त्याला विचारूनच सांगणार आहे, पण ती नंतर. आधी माझ्या वहीतला हिशेब ऐका.

नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत साधारण साडेआठ लाख होत होती. तिला सात लाख कर्ज, व्याज शेकडा ११, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता १५,२२० रुपये. पाच वर्षांत भरायचे ९ लाख १३ हजार, म्हणजे नुसते व्याजच २ लाख १३ हजार.

आम्ही घेतली ती २०१४ सालची, पाच वर्षे वापरलेली. किंमत ४ लाख १० हजार. भिशीचे ५०,००० आणि ठेव मोडून १ लाख ६० हजार असे २ लाख १० हजार घरातून घातले, आणि दोन लाखांचे कर्ज काढले. जुन्या गाडीला व्याज चढे असते हे लपवून ठेवत नाही. आम्हांला शेकडा १५ पडले. तरीही मुदत तीनच वर्षे असल्याने हप्ता ६,९३३ रुपये, आणि एकूण व्याज सुमारे ४९,६०० रुपये.

आता हे रोजावर आणून पाहा. महिन्यात गाडीचे कामाचे दिवस २६ धरले, तर नवी गाडी सकाळी सुरू करण्याआधीच तिच्यावर त्या दिवसाचे ५८५ रुपये देणे असते. आमच्या गाडीवर होते २६७. डिझेल, हमाली, जेवण ही सगळी त्यानंतर. पावसामुळे भाडे आले नाही, ताप आला म्हणून हे उठले नाहीत, तरी हप्त्याचे आकडे झोपत नाहीत. म्हणून मी म्हणते, जुन्या गाडीचा पहिला फायदा हा की तिचे रोजचे देणे लहान असते.

दुसरा फायदा किमतीच्या घसरणीचा. विमा कंपन्यांचे एक कोष्टक आहे, त्याप्रमाणे गाडीची विम्याची किंमत दरवर्षी कमी धरतात. सहा महिन्यांनंतर वर्षाच्या आत शेकडा १५ कमी, पहिल्या वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४० आणि चार वर्षांनंतर ५० कमी. बाजारभाव थोडा इकडेतिकडे असतो, पण चाल साधारण अशीच. म्हणजे नव्या गाडीची निम्मी किंमत पहिल्या पाच वर्षांत जाते. ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. आमची गाडी आम्ही साडेचार वर्षे वापरली आणि २०२४ च्या होळीनंतर २ लाख ४० हजारांना विकली. तुटले १ लाख ७० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ३,२००. नव्या गाडीची किंमत तेवढ्या काळात निम्मी झाली असे धरले तर महिन्याला सुमारे ८,००० तुटले असते.

तिसरा फायदा विम्याचा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याचा जो सक्तीचा विमा असतो, तो गाडीच्या वजनावर ठरतो. तो नवी-जुनी सारखाच. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर जातो. किंमत कमी, म्हणून तो हप्ताही कमी.

चौथा फायदा शिकण्याचा. नवा ड्रायव्हर गाडी थोडी तरी घासणारच. बाजारात पहाटे चारला गर्दी असते, हातगाड्या असतात. नवी गाडी पहिल्यांदा घासली की घरात तीन दिवस सुतक असते. जुनीला एक चरा जास्त पडला तर कोणी विचारीत नाही. माझा मुलगा त्याच गाडीवर हात बसवून शिकला.

पाचवा फायदा, गल्लीतल्या मिस्त्रीचा. १ एप्रिल २०२० पासून ज्या बी.एस. सहाच्या गाड्या येऊ लागल्या, त्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर अधिक आहेत. तिच्यात बिघाड झाला तर पुष्कळदा कंपनीच्या कारखान्यातच न्यावे लागते. आधीच्या गाड्या आपल्याकडचा मिस्त्री रात्री आठलाही उघडून बसतो. मात्र न्यायाने सांगायचे तर नव्या गाडीचा धूर कमी, आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. म्हणून जुनी घ्या, पण धुराडे घेऊ नका.

हे झाले फायदे. खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई एकाच ताटाचे वर्णन करते. पहिल्या वर्षात आम्ही दोन टायरना १३,०००, बॅटरीला ६,५००, क्लचच्या सामानाला १२,००० आणि मजुरीला ७,००० असे ३८,५०० रुपये घातले. हे मी आधीच गृहीत धरून ४०,००० वेगळे ठेवले होते. जुनी गाडी घेणाऱ्याने किंमत भागली म्हणून हातातले सगळे देऊ नये. शेकडा दहा तरी दुरुस्तीला मागे ठेवावे. शिवाय मालाच्या गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी होते, त्यापुढे दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण कर पडतो. तेव्हा सात-साडेसात वर्षांची गाडी स्वस्त वाटली तरी पुढच्या वर्षी काय उभे राहणार, ते धरून भाव करावा.

आता भावाची गोष्ट सांगते. त्याची नवी गाडी दारात आली तेव्हा मीच ओवाळली होती. भिवंडीच्या गोदामांतून दुकानांना कपडा आणि भांडी पोचविण्याचे काम त्याने धरले होते, आणि पाच महिने हप्ते वेळेवर गेले. पुढे २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. आमच्या गाडीत भाजी होती. भाजी जीवनावश्यक म्हणून पास मिळाला आणि आमचे चाक फिरत राहिले. त्याचा माल गोदामात अडकला. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. त्याने ती घेतली. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबले नव्हते. सप्टेंबरपासून हप्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा काम निम्म्यावर आलेले. चार हप्ते थकले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गाडी ओढून नेली. लिलावात आलेल्या पैशांनी कर्ज फिटले नाही. उरलेले भरायला आमच्या आईच्या पाटल्या गेल्या.

भगिनींनो, माझा भाऊ आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. आमच्या ह्यांच्यापेक्षा तो दोन फेऱ्या जास्तच मारी. आणि आमचीही काही फार हुशारी नव्हती. आमच्या हौद्यात त्या वेळी भाजी होती हे नशीब. पण माझ्या वहीत मी नंतर आकडे मांडून पाहिले. त्या सप्टेंबरात त्याची जेवढी कमाई होत होती, तेवढ्यात आमचा ६,९३३ चा हप्ता भरला गेला असता. १५,२२० चा भरता आला नाही. त्याची गाडी वाचली असती की नाही हे फक्त हप्त्याच्या आकड्यावर ठरले. म्हणून जुन्या गाडीचा सगळ्यांत मोठा फायदा मी शेवटी सांगते. वाईट दिवस आला तर लहान कर्जाची गाडी घरात राहते, आणि गाडी घरात राहिली तर पुन्हा उभे राहता येते.

आणखी एक गोष्ट मनात येते ती बोलून टाकते. भावाची ती सोळा महिन्यांची गाडी लिलावात कोणीतरी स्वस्तात घेतलीच असेल. त्यांनाही ती जुनी गाडी फायद्याची पडली असेल. आपल्याला मिळणारा फायदा कधीकधी कोणाच्या तरी दारातून उठून आलेला असतो. म्हणून गाडीचा भाव करताना घासाघीस करावी, पण समोरचा अडला आहे हे पाहून त्याचा गळा धरू नये.

असो. आता पाहायचे कसे, ते सांगते. यात मला आमच्या मिस्त्रीने शिकविले आणि काही ठेच लागून शिकले.

गाडी सकाळी पाहावी, इंजिन थंड असताना. मालकाला आधी सांगावे, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. आपण गेलो तेव्हा बॉनेट गरम लागले, तर आधी चालवून ठेवली आहे असे समजावे, कारण तापलेले इंजिन पुष्कळ दुखणी झाकते. सुरू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पिते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर आत पाणी जात असण्याचा संभव. जोर दिल्यावर फार काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, ते पुष्कळदा थोड्या खर्चात सुधारते. इंजिन चालू असताना ऑइल घालायचे झाकण मिस्त्रीकडून उघडवावे. तिथून भकाभका धूर व वारा आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ, ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, तिथून सरळ घरी यावे.

मग गाडीखाली बॅटरी लावून चेसिस पाहावी. पिकअपचे आयुष्य चेसिसवर. तिला तडा, जोड किंवा नवे वेल्डिंग दिसले तर ओझ्याने किंवा अपघाताने गेलेली. मागचे पाटे मोजावे. कंपनीपेक्षा जास्त पाटे घातले असतील तर तिने क्षमतेबाहेर माल वाहिला. टायर एका बाजूनेच झिजले असतील तर कारण विचारावे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंग खरे सांगतात. पायपट्टीचे रबर गुळगुळीत आणि मीटर म्हणतो चाळीस हजार, तर कोणीतरी खोटे बोलते आहे, आणि रबराला खोटे बोलता येत नाही.

गाडीने आजवर काय वाहिले, हे विचारायला विसरू नये. रेती-विटांची गाडी खालून खचते. मासळीच्या गाडीचा हौदा खाऱ्या पाण्याने गंजतो, वर रंग मारलेला असला तरी कोपऱ्यात खिळा टोचून पाहावा. आमची गाडी बेकरीची होती. हौदा भरलेला, पण ओझे पावाचे आणि टोस्टांचे. ती आम्हांला लाभली त्याचे अर्धे कारण हेच, असे मिस्त्री म्हणतो.

आणि आपण उल्हास नदीकाठची माणसे. २६ जुलै २००५ चा पूर आपण पाहिला. २०१९ च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली होती. अशा पुरांत गाड्या बुडतात, मग धुऊन-पुसून बाजारात येतात. म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा, आत पाण्याची रेघ किंवा गाळाचा डाग राहतो. पायाखालची चटई उचलावी, सीटच्या सळयांवर गंज पाहावा, दारे बंद करून वास घ्यावा. कुबट वास आपल्याला पुरुषांपेक्षा आधी कळतो, हे मात्र मी सांगायला नको.

आता कागद. इथेच मी ठेचकाळले. या गाडीच्या आधी आम्ही एक दुसरी गाडी पाहिली होती. फार स्वस्त होती. हे म्हणत होते, कागद पाहू. मीच घाई केली, "हातची जाईल, इसार देऊन टाका." दहा हजार दिले, चिठ्ठीसुद्धा घेतली नाही. दोन दिवसांनी कळले की गाडीवर कर्जाचा बोजा तसाच आहे आणि दंडाच्या पावत्या वेगळ्या. व्यवहार मोडला, इसार परत मिळाला नाही. मी कोणाचे नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. घरात कोणी मला बोलले नाही, त्याचे जास्त वाईट वाटले.

तेव्हापासून मी क्रम पाठ केला. आधी आर.सी. पाहावी आणि तिच्यावरचा चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर अन् अक्षर ताडावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला की पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. माझी मुलगी मोबाइलवर पाच मिनिटांत पाहते. ई-चलनाचा दंडही तसाच पाहता येतो. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा. विक्रीचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याच्या नावावर करण्याचा फॉर्म ३०. दुसऱ्या राज्यातली गाडी असली तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला हवाच. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर नवी सुरक्षा नंबरपाटी बसविली आहे का तेही पाहावे. गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या वर असेल तर मालाचे परमिट लागते, तेवढ्यापर्यंत असेल तर लागत नाही. कंपनीने लिहिलेले वजन आर.सी. वर असते.

व्यवहार झाल्यावर विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत, असा कायदा आहे. आपले कल्याणचे कार्यालय, ज्याच्या गाड्यांवर एम.एच. ०५ असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यास अर्ज द्यावा. पूर्वीच्या मालकाला अपघात न केल्याबद्दल मिळालेली विम्याची सूट त्याचीच राहते, गाडीबरोबर येत नाही. "नाव नंतर करू" असे कोणी म्हटले तर ऐकू नये. आणि आपण गाडी विकत असलो तर त्याहून ऐकू नये. कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. आम्ही २०२४ साली गाडी विकली तेव्हा नाव बदलल्याचा कागद डोळ्यांनी पाहीपर्यंत मला झोप नव्हती.

शेवटी एक सांगते. सगळ्यांनी जुनीच घ्यावी असे माझे म्हणणे नाही. ज्याच्याजवळ कंपनीचे लेखी, वर्षाचे काम आहे, ज्याची गाडी रोज माळशेज चढून आळेफाट्याकडे जाते आणि एक दिवस बंद पडलेली परवडत नाही, त्याला नवी गाडी आणि तिची वॉरंटी उपयोगी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जी.एस.टी. शेकडा २८ वरून १८ झाला आहे. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरली पाहिजे. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा भाव कोणी सांगितला तर तो मानू नका. दोन्ही हिशेब समोरासमोर मांडा. पण पहिलीच गाडी असेल, काम अजून धरायचे असेल, घरात कमावणारे एकच माणूस असेल, तर माझा कौल जुनीकडे.

आमच्या दारात सध्या उभी आहे ती २०१९ सालची, तीही वापरलेलीच. या वेळी कर्ज त्याहून लहान लागले. आणि ती पाहायला माझा भाऊ बरोबर आला होता. तो आता दुसऱ्याची गाडी चालवतो. चेसिसखाली तोच शिरला, धूर त्यानेच पाहिला, आणि कपडे झटकत वर येऊन म्हणाला, "ताई, घे. आणि पुढल्या वर्षी माझ्यासाठीही अशीच एक बघू." वडील म्हशाच्या जत्रेतून बैल आणीत तेव्हा आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकी. मी त्या दिवशी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला, आणि एक घास भावाच्या हातावरही ठेवला.

भगिनींनो, तुमच्याकडे गाडीचा विचार निघेल तेव्हा वही घेऊन बाहेर या. हप्ता रोजावर आणा, कागद वाचा, वास घ्या. आणि सही करण्याआधी एकदा विचारा, की तीन महिने काम मिळाले नाही तर हे भरता येईल का? उत्तर "हो" असेल तर खुशाल सही करा आणि पेढे वाटा. मंडळातल्या कोणाला गाडी पाहायला बरोबर बाई हवी असेल तर मला हाक मारा, मी येईन.



जय हिंद! जय महाराष्ट्र!